ते पाणी

गेल्या सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले, तेव्हा माझी नोकरी जाऊन सहा दिवस झाले होते.

तिकिटं मार्चमध्येच काढलेली होती, परतावा न मिळणारी. बाबांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती आणि आईने मे महिन्यापासूनच भाजणी, मेतकूट, सुकी चटणी असं एकेक करून बॅगेचं वजन करायला सुरुवात केली होती. अशा वेळी फोनवर काय सांगणार? मी सांगितलंच नाही. डेन्व्हरच्या विमानतळावर दोघांना मिठी मारली, सामान गाडीत टाकलं आणि फोर्ट कॉलिन्सच्या माझ्या वन-बेडरूमच्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसले आणि दार लावून घेतलं. आईने बाबांना दबक्या आवाजात सांगितलं, "हळू बोला, तिची मीटिंग चालू आहे."

मीटिंग कुणाशीच नव्हती. मी हेडफोन लावून मुलाखतीसाठीचे अल्गोरिदमचे प्रश्न सोडवत होते आणि मध्येच मान हलवत होते.

नोकरी गेल्याचा ईमेल आला त्यात कुठेही 'काढून टाकलं' असा शब्द नव्हता. 'तुमची भूमिका बाधित झाली आहे' असं होतं. इंग्रजीत अर्थातच. व्हिसाचा हिशोब मात्र अगदी सरळ होता. कामाच्या शेवटच्या दिवसापासून ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी व्हिसा घेऊन उभी राहिली तर ठीक, नाहीतर बॅग भरायची. मी फोनमध्ये काउंटडाउन लावला नव्हता. गरज नव्हती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आकडा सांगितला असता.

एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, मी 'रजा टाकली' आणि आम्ही ग्रँड लेकला निघालो. नसलेल्या नोकरीतून रजा घेण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

*

ग्रँड लेक हे कोलोरॅडोतलं जेमतेम चारेकशे वस्तीचं गाव. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या पश्चिम दाराशी, ८,३६९ फुटांवर. गावाला नाव ज्याच्यावरून मिळालं ते तळं कोलोरॅडोतलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, हिमनदीने कोरलेलं. बहुतेक लोक पार्कच्या पूर्वेच्या एस्टेस पार्कला जातात, तिथे गर्दी करतात आणि परततात. पश्चिमेला जायचं तर अख्खा डोंगर ओलांडावा लागतो. मला तेच हवं होतं. लांबचा रस्ता, खिडकीबाहेर भरपूर काहीतरी आणि गाडीत कमी बोलणं.

पण बाबा गाडीत असताना कमी बोलणं कसं होणार! बाबा म्हणजे जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. ते अजूनही 'पाटबंधारे खातं' असंच म्हणतात. निसर्गरम्य दृश्य दिसलं की बाकीचे फोन काढतात. बाबा पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय ते बघतात. लहानपणी महाबळेश्वरला गेलो की स्ट्रॉबेरीच्या आधी आम्हाला क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात नेऊन दोन्ही हात पसरून सांगायचे, "कृष्णा इकडे, सावित्री तिकडे. एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. मध्ये अंतर किती, तर एका डोंगराचं."

लव्हलँडच्या पुढे बिग थॉम्प्सन नदीच्या घळीत रस्ता शिरला. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये नदी, दिसायला अगदी ओढ्याएवढी. मधूनमधून पाट्या लागत होत्या. पूर आला तर गाडी सोडा आणि डोंगर चढा. बाबांनी पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "म्हणजे इथे कधीतरी येऊन गेलाय." मी फोनवर शोधलं. ३१ जुलै १९७६ ची रात्र. वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि या एवढ्याशा नदीत १४४ माणसं गेली. मी या रस्त्याने कितीदा तरी आले होते. पाट्या कधी वाचल्या नव्हत्या.

ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वर झाडं संपतात, नुसतं पिवळं गवत आणि वारा. आईने शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, "इथे देवसुद्धा स्वेटर घालून बसत असेल." पुढे मिल्नर पास नावाची खिंड लागते. तिथे पाटी आहे : या बाजूचं पाणी अटलांटिककडे, त्या बाजूचं पॅसिफिककडे. बाबा पाटीच्या बरोबर मध्ये पाय फाकवून उभे राहिले. ६२ वर्षांचा माणूस आणि चेहरा शाळकरी पोराचा. "घाटमाथा!" ते म्हणाले. "अगं, हा घाटमाथा आहे!" त्यांनी माझ्याकडून तीन फोटो काढून घेतले. त्यातला एक अजून त्यांच्या व्हॉट्सॲपच्या डीपीवर आहे.

खिंडीनंतर रस्ता उतरू लागला. समोर नेव्हर समर नावाची रांग आली. उन्हाळा कधीच नाही असं नाव असलेली. पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढत होते. बाबा भुवया आक्रसून बघत राहिले.

"ती रेघ कसली आहे?"

मला रेघ दिसलीच नाही. त्यांनी बोटाने दाखवली. डोंगरांच्या पोटावर, उंचावर, कुणीतरी पट्टी ठेवून ओढल्यासारखी जवळजवळ आडवी रेघ. मी म्हटलं, रस्ता असेल जुना.

"रस्ता एवढ्या एका लेव्हलने जात नाही. तो कालवा आहे."

कालवाच होता. त्याचं नाव ग्रँड डिच. १८९० मध्ये खोदायला सुरुवात झाली, १९३६ मध्ये पूर्ण झाला. खोदणाऱ्यांत चिनी, जपानी, मेक्सिकन मजूर होते. पश्चिम उतारावरचं बर्फाचं पाणी अडवून चौदाएक मैल आडवं नेतो आणि खिंडीतून पूर्वेकडे सोडतो, शेतीसाठी. नॅशनल पार्क झालं १९१५ साली. म्हणजे पार्कच्या आधीपासून हा कालवा होता आणि आजही पार्काच्या आतूनच वाहतो. मी याआधी दोनदा याच वळणावर उभं राहून 'अनटच्ड' असं कॅप्शन टाकून फोटो टाकला होता. त्या फोटोत रेघ स्पष्ट दिसते. घरी आल्यावर झूम करून बघितलं.

*

खाली खोऱ्यात उतरल्यावर जंगल काळं झालं. अक्षरशः काळं. मैलोन् मैल उभे जळके खांब, आणि त्यांच्या पायाशी गवत आणि अ‍ॅस्पनची कमरेएवढी रोपं, सप्टेंबराची म्हणून पिवळीधमक. ही २०२० च्या ऑक्टोबरातली ईस्ट ट्रबलसम आग. आधीच पाइन बीटल नावाच्या किड्याने वर्षानुवर्षं पोखरून वाळवलेली झाडं, कोरडा शरद आणि सोसाट्याचा वारा. २१ ऑक्टोबरला ती आग एका दिवसात लाखभर एकरांनी वाढली. एकूण जवळपास १,९४,००० एकर जळाले, ३६० हून जास्त घरं गेली, आणि घर सोडायला तयार नसलेलं एक वृद्ध जोडपं गेलं. झाडंच नसलेला घाटमाथाही त्या आगीने ओलांडला. ठिणग्या वाऱ्यावर पलीकडे जाऊन पडल्या.

गाव मात्र वाचलं. लाकडी फळ्यांचे फूटपाथ, लाकडी दुकानं, आइस्क्रीम, फज, मूसचं चित्र असलेले टी-शर्ट. आम्ही एका छोट्या मोटेलमध्ये सामान टाकलं. दारावर सूचना होती, की गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, अस्वल काच फोडतं. आईने दशम्या, चटणी आणि चिवडा असा सगळा ऐवज खोलीत आणून कपाटात ठेवला आणि कपाटाला खुर्ची लावली.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. समोर तळं, पलीकडे सरळ उठलेले डोंगर, त्यांच्यामागे मावळतीचं ऊन पडलेलं शिखर. पाणी इतकं स्तब्ध, की बदकाने काढलेली रेघसुद्धा बराच वेळ पुसली जात नव्हती. आई म्हणाली, "इथे राहणाऱ्या माणसांना कसली काळजी नसेल, नाही?"

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडत होते. बाबांनी काही सेकंद बघितलं आणि सरळ जाऊन विचारलं. बाबांचं इंग्रजी म्हणजे टेंडरमधलं इंग्रजी. पण पाण्याच्या माणसांची भाषा बहुधा वेगळीच असते. पंधरा मिनिटांत दोघं वाकून कागदावर नकाशा काढत होते.

थाळी पाण्याचा नितळपणा मोजायला होती. ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. १९४१ मध्ये या तळ्यात ती सव्वानऊ मीटरपर्यंत दिसली होती. आता त्याच्या निम्म्यापर्यंत दिसली तरी चांगला दिवस म्हणायचा.

"का?" मी विचारलं.

"कारण हे तळं उलटं वाहतं," म्हातारबा म्हणाले.

मग त्यांनी आणि बाबांनी मिळून मला समजावलं. कोलोरॅडोत पाऊस-बर्फ पडतो तो ढोबळमानाने ८० टक्के डोंगराच्या पश्चिमेला, आणि माणसं राहतात ती बहुतेक सगळी पूर्वेला. म्हणून १९३० च्या दशकात योजना आखली : खाली धरण बांधून कोलोरॅडो नदीचं पाणी साठवायचं, ते पंपाने वर उचलून शॅडो माउंटन नावाच्या उथळ जलाशयात टाकायचं, तिथून ते आपोआप या नैसर्गिक तळ्यात येईल, आणि तळ्याच्या पूर्व काठाला एक बोगदा. पावणेदहा फूट व्यासाचा, १३.१ मैल लांबीचा. नॅशनल पार्कच्या पोटातून, घाटमाथ्याच्या खालून, पलीकडे. दोन्ही बाजूंनी खणत आलेले लोक १९४४ मध्ये मध्यावर भेटले. १९४७ मध्ये पाणी सुटलं.

म्हणजे पूर्वी तळ्यातून पाणी बाहेर जाऊन नदीला मिळायचं. आता पंप चालू झाले की त्याच वाटेने पाणी उलटं आत येतं. उथळ जलाशयात तापलेलं, शेवाळ घेऊन. वरून काहीच कळत नाही. तळ्याची पातळी एका फुटाहून जास्त हलू द्यायची नाही असं बंधन आहे, त्यामुळे काठ कायम भरलेला आणि फोटो कायम चांगले.

"आणि पलीकडे कोण पितं हे पाणी?" बाबांनी विचारलं.

म्हातारबांनी माझ्याकडे बघितलं. "तू राहतेस कुठे?"

"फोर्ट कॉलिन्स."

"हॉर्सटूथ माहितीये?"

हॉर्सटूथ रिझर्व्हॉयर माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. दर रविवारी मी त्याच्या काठाने पळायचे. माझ्या नळाला येणारं जवळपास निम्मं पाणी तिथून येतं.

"मग तूच," ते म्हणाले. रागाने नाही. ओळख पटल्यासारखे.

त्यांचं स्वतःचं घर २०२० च्या आगीत गेलं होतं. पोलीस दार वाजवून गेल्यावर त्यांनी कुत्रा, औषधं आणि नितळपणाच्या नोंदींची वही घेतली. बायकोच्या फोटोंचा अल्बम राहिला. "वही का घेतली ते अजून कळलेलं नाही," म्हणाले. आता गावात भाड्याने राहतात. बाबांनी काही न बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अमेरिकेत असं अनोळखी माणसाला हात लावत नाहीत हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. म्हातारबांनी हात तसाच राहू दिला.

*

इथे मला आजीबद्दल सांगायला हवं.

बाबांचं मूळ गाव जावळी खोऱ्यातलं. मूळ गाव म्हणजे जिथे आम्ही कधीच गेलो नाही असं गाव, कारण ते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातली माणसं मिळेल तिकडे पांगली. आजी-आजोबांच्या वाट्याला सांगली जिल्ह्यातलं माळरान आलं. भात-नाचणी पिकवणाऱ्या माणसांना ज्वारीच्या जमिनीचा तुकडा मिळाला, तोही कागदावर आधी आणि हातात बऱ्याच वर्षांनी. कोयनेच्या कित्येक विस्थापितांना साठ वर्षांनंतरही त्यासाठी आंदोलनाला बसावं लागलं आहे. बाबांचा जन्म माळरानावरचा.

कोयना नदी मूळची कराडला जाऊन कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्वेची. धरणाने तिचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. पोफळीला वीज करून ते वाशिष्ठीत आणि मग अरबी समुद्रात. त्या विजेवर मुंबई उजळली. महाराष्ट्र पुढे गेला हे खरंच आहे. मी हे ज्या लॅपटॉपवर लिहितेय त्यालाही कुठून तरी वीज येतेच.

आजीने 'शिवसागर' हा शब्द कधी उच्चारला नाही. ती 'ते पानी' म्हणायची. "ते पानी आलं त्या साली तुझा थोरला चुलता रांगत हुता." तिच्यासाठी तारखा नव्हत्या, ते पानी यायच्या आधीचं आणि नंतरचं एवढंच होतं.

आणि या गोष्टीतला सगळ्यात विचित्र भाग असा, की बाबांना पाटबंधारे खात्यात नोकरी मिळाली ती प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर. धरणाने गाव नेलं आणि धरणानेच पगार दिला. पुढची तीसेक वर्षं बाबा दुसऱ्यांच्या गावांची मोजणी करत फिरले.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजची पिकनिक तापोळ्याला गेली होती. शिवसागराच्या काठावरचं तापोळा, 'मिनी काश्मीर'. स्पीडबोट, लाइफ जॅकेट, किंचाळ्या. घरी येऊन आजीला उत्साहाने फोटो दाखवले. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "लई खोल हुतं का गं?"

मी म्हटलं, "हो आजी, खूप खोल."

तिने फोन परत दिला. मला तेव्हा वाटलं, तिला माझी काळजी वाटली. ती तिच्या घराचं विचारत होती हे कळायला मला ग्रँड लेकच्या धक्क्यापर्यंत जावं लागलं.

*

शनिवारी आजीची तिथी होती. पितृपंधरवडा चालू होता. आईने सकाळी मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये भात केला, दही-भाताचा छोटा घास कागदी बशीत काढून ठेवला आणि मग प्रश्न पडला की कावळा कुठून आणायचा. शिवाय प्राण्या-पक्ष्यांना खाऊ घालू नका अशा पाट्या जागोजागी. बाबा म्हणाले, "आई असती तर म्हणाली असती, वाया घालवू नका, तुम्हीच खा." तो घास त्यांनीच खाल्ला.

मग म्हणाले, "मला तो बोगदा बघायचाय."

गावातून तळ्याच्या पूर्व टोकाला जाणाऱ्या रस्त्याचं नावच वेस्ट पोर्टल रोड. पश्चिमेचं तोंड. बहुतेक लोक त्या रस्त्याने अ‍ॅडम्स फॉल्स बघायला जातात. आम्हीही गेलो. वाट लहानशी, धबधबा चांगला. पण बाबांचं लक्ष नव्हतं. परत येऊन ते काठाकाठाने गेले आणि एका जागी थांबले. बघण्यासारखं काही नव्हतं. काँक्रीट, कुंपण, आणि तळ्याचं पाणी संथपणे त्या दिशेला सरकत असलेलं. एक पिवळं पान त्याच्यावर होतं. ते वाऱ्याविरुद्ध चाललं होतं.

बाबा वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. मंत्र नाही, काही नाही. दोनदा अजून. आईने लांबूनच हात जोडले.

उठताना म्हणाले, "हे पाणी तुझ्या घरी पोचायला किती दिवस लागत असतील?"

"माहिती नाही बाबा."

"तुझ्याकडे किती दिवस आहेत?"

मला वाटलं ते सुट्टीबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "उद्या निघायचं ना."

"तसं नाही. दाराशी तुझं आयकार्ड लटकवलेलं असायचं. व्हिडिओ कॉलवर दिसायचं मागे, निळ्या दोरीचं. आम्ही आलो त्या दिवसापासून ते नाही."

तीस वर्षं रोज गळ्यात आयकार्ड घालून ऑफिसला गेलेल्या माणसाला बरोबर तेच दिसलं होतं. सोळा दिवस त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"३८," मी म्हटलं. "दिवस. आजचा धरून नाही."

मग मी सगळं सांगितलं. ईमेल, बारा मिनिटांचा तो कॉल, कुरिअरच्या खोक्यात घालून परत पाठवलेला लॅपटॉप, दिलेले नऊ इंटरव्ह्यू, बाल्कनीतल्या खोट्या मीटिंगा. आई मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "तरीच रात्री दोन-दोनला फ्रिज उघडत होतीस." आणि लगेच, "आणि मी वेडी तुला हळू बोला म्हणून यांच्यावर ओरडत होते."

मी त्यांना ईमेलमधलं वाक्यही सांगितलं, 'भूमिका बाधित झाली आहे' हे. बाबांना हसू आलं. मनापासून आलं.

"हा आमचा शब्द आहे," ते म्हणाले. "बाधित क्षेत्र, बाधित गट नंबर. नकाशावर लिहायला बरा पडतो. मीही लिहिलाय हजारदा."

मी घाईघाईने म्हटलं की माझं आणि आजीचं एक नाही, मला कळतं. तिचं गाव गेलं, माझा पगार गेलाय. मला सहा महिन्यांचे पैसे मिळालेत, हातात डिग्री आहे, परत जायला घर आहे.

"एक नाहीच," बाबा म्हणाले. "कुणी म्हटलं एक आहे म्हणून? पण एक सांगतो. मी मोजणीला जायचो तेव्हा लोक शिव्या द्यायचे, रडायचे, ते मला चालायचं. पण काही जण गप्प बसून राहायचे, चहा द्यायचे, सगळं ठीक असल्यासारखं वागायचे. त्यांची मला भीती वाटायची. माझी आई त्यातली होती."

एवढंच बोलले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि चहाची वेळ झाली म्हणाले. आईने थर्मासमधला चहा ओतला. तळ्याच्या काठावर, बोगद्याच्या तोंडाशी, आम्ही तिघांनी चिवडा खाल्ला. समोरचा डोंगर तेवढाच सुंदर होता. पण आता मला त्याच्या पोटात १३ मैल अंधारातून चाललेलं पाणीही दिसत होतं आणि त्याने तो कमी सुंदर झाला नव्हता. फक्त पोस्टकार्ड उरला नव्हता.

*

परतल्यावर मी बाल्कनीत बसणं बंद केलं. डायनिंग टेबलावर बसून अर्ज केले. बाबा शेजारी बसून पेपर वाचावा तसे माझे रिजेक्शनचे ईमेल वाचायचे आणि त्यांतल्या इंग्रजीला मार्क द्यायचे.

एका रविवारी त्यांना हॉर्सटूथला नेलं. तिथे वाचलं की या पाण्याखालीही एक गाव आहे. स्टाउट. दगडखाणींच्या कामगारांची वस्ती. चाळीसच्या दशकात धरणं बांधायला घेतली तेव्हा फारसं कुणी उरलं नव्हतं, जे होतं ते पाण्याखाली गेलं. तीन वर्षं मी त्याच्या डोक्यावरून पळत होते आणि घड्याळात फक्त किलोमीटर बघत होते. बाबांनी पाण्याकडे बघून विचारलं, "लई खोल असेल का गं?" आजीच्या आवाजात. आम्ही दोघंही हसलो आणि मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

६० दिवसांत नोकरी मिळाली नाही. एक जवळपास मिळालेली शेवटच्या फेरीत गेली. सत्तावन्नाव्या दिवशी मी विमानात बसले. हे विजयाचंही वाक्य नाही आणि पराभवाचंही. गाडी विकली, गादी शेजारच्या पोराला दिली. शेवटच्या सकाळी नळ सोडून एक बाटली भरून घेतली, ती सिक्युरिटीला फेकून द्यावी लागली. हे मला माहीत असायला हवं होतं.

आता पुण्यात नोकरी आहे, पगार अर्थात तिथल्यापेक्षा बराच कमी. फ्लॅट बघायला बाबा बरोबर आले होते. पुण्यात फ्लॅट बघताना सगळे विचारतात तो प्रश्न मी एजंटला विचारला, "पाणी?"

"कॉर्पोरेशनचं, मॅडम. चोवीस तास. टँकर नाही."

"कुठल्या धरणाचं?"

एजंटने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फ्लॅटची कुंडली मागितली. "खडकवासल्याचं असेल ना," तो म्हणाला.

"खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर," बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "पानशेतखाली कुठली गावं गेली, त्याची यादी देतो तुला."

फ्लॅट घेतला. यादी फ्रिजवर लावली आहे. मे महिन्यात शिवसागराचं पाणी खूप खाली जातं, तेव्हा बुडालेल्या गावांचे चौथरे कुठे कुठे उघडे पडतात म्हणे. या मे महिन्यात आम्ही तिघं बामणोलीला जाणार आहोत. बाबांनी जुना नकाशा शोधून काढलाय. बोटवाल्याशी फोनवर बोलणं झालं. त्याने विचारलं, कुठला पॉइंट बघायचाय, वासोटा की त्रिवेणी संगम?

बाबा म्हणाले, "घर."

पलीकडे बोटवाला क्षणभर थांबला. मग त्याने गावाचं नाव विचारलं.